पौर्णिमेला माणसं बिथरतात?

"पौर्णिमेला माणसं बिथरतात, भांडणं वाढतात," हा मेसेज आमच्या इंदूरच्या नातेवाइकांत वर्षानुवर्षं फिरतोय. आजीही हेच म्हणायची. तिचं निरीक्षण खोटं नव्हतं, अपुरं होतं. रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत बाचाबाची झाली, वर पूर्ण चंद्र दिसला, की ते मनात पक्कं बसतं. पौर्णिमेची शांत रात्र आणि अमावास्येचं भांडण मात्र कोणी मोजत नाही. खरी गोम इथेच आहे.

१९८५मध्ये चंद्र आणि माणसांचं वागणं यांवरच्या ३७ अभ्यासांचा एकत्रित पडताळा झाला. दखल घ्यावी असा संबंध निघाला नाही.

घरीही तपासता येतं. रोज वहीत फक्त लिहा: भांडण झालं की नाही. तिथी बघू नका, नाहीतर मन आधीच कौल देतं. सहा महिन्यांनी पंचांगाशी ताडा. चांद्रमास सुमारे २९.५ दिवसांचा, पौर्णिमा आणि आगेमागचा एकेक दिवस म्हणजे त्याचा दहावा हिस्सा. तेव्हा ३० भांडणांतली तीनेक योगायोगानेच तिथे पडणार.