सिद्ध करत राहावे लागणारे पुरुषपण

मराठी कौटुंबिक मालिकांमध्ये एक भाग ठरावीक अंतराने येतोच. थोरला मुलगा जत्रेसाठी शहरातून नव्या गाडीने गावी येतो, देवळाच्या जीर्णोद्धाराला सगळ्यांदेखत मोठी देणगी जाहीर करतो, भावकीतल्या पोरांना नोकरीला लावण्याचा शब्द देतो, आणि शेवटच्या प्रसंगात थकलेल्या हप्त्यासाठी फोन येतो तेव्हा कळते की त्याची नोकरी कधीच गेली आहे आणि हे त्याच्या बायकोलाही ठाऊक नाही. प्रेक्षक त्याला खोटारडा म्हणून मोकळे होतात. मानसशास्त्र मात्र इथे एक अधिक कठीण प्रश्न विचारते: हे नाटक त्याला सत्यापेक्षा सोपे का वाटले?

सांगली जिल्ह्यातल्या वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी टापूतून पिढ्यांपूर्वी बाहेर पडलेले गलाई व्यावसायिक, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करणारे कारागीर, आज देशभरातल्या शहरांत दुकाने थाटून आहेत. त्यांचे यश खरे आहे आणि ते अपार कष्टाचे आहे. पण परमुलखात वर्षभर भट्टीसमोर काढलेल्या दिवसांचे मोजमाप गावात जत्रेच्या किंवा लग्नसराईच्या चार दिवसांत होते, आणि तेही बंगल्याच्या मजल्यांवरून, गाडीवरून, देणगीच्या पावतीवरून. ज्याचा धंदा त्या वर्षी बसला असेल, त्यालाही याच मापाला सामोरे जावे लागते.

अमेरिकेतील साऊथ फ्लोरिडा विद्यापीठातील जोसेफ व्हॅन्डेलो, जेनिफर बॉसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली एक मांडणी प्रसिद्ध केली. मुलगी वयात आली की ती स्त्री झाली असे समाज मानतो. तिचे स्त्री असणे शरीराशी जोडलेले समजले जाते आणि सहसा कोणी ते काढून घेत नाही. मुलाचे तसे नसते. पुरुष म्हणून मान्यता त्याला कमवावी लागते, ती इतरांनी द्यावी लागते आणि एखाद्या प्रसंगाने ती हिरावलीही जाऊ शकते. एखाद्याने आपले पुरुषपण गमावले असे विधान सहभागी व्यक्तींसमोर ठेवले, तेव्हा त्यांनी त्याची कारणे शारीरिक बदलांत न शोधता प्रामुख्याने सामाजिक अपयशात शोधली: काम गेले, घर चालवता आले नाही, लोकांत मान उरला नाही. याचा अर्थ स्त्रियांचे जगणे सोपे असते असा मुळीच नाही. त्यांच्यावरचे निर्बंध आणि अन्याय निराळे व पुष्कळदा अधिक कठोर आहेत. इथे मुद्दा एवढाच आहे की पुरुषाचा सामाजिक दर्जा सतत नूतनीकरण मागतो. पुढे ६२ देशांत मिळून ३३ हजारांहून अधिक लोकांची याविषयीची मते तपासली गेली, तेव्हा स्त्री-पुरुष समानता जिथे कमी आहे त्या देशांत ही धारणा अधिक घट्ट असल्याचे दिसले.

याच गटाचा २००९ सालचा एक प्रयोग बारकाईने पाहण्यासारखा आहे. काही तरुणांना पुतळ्याच्या डोक्यावरील केसांची वेणी घालायला सांगितली, तर काहींना तशाच पद्धतीने दोराची वेणी वळायला. बोटांची हालचाल दोन्हीकडे जवळपास सारखीच. फरक होता तो फक्त हे काम बायकी समजले जाते की नाही एवढाच. त्यानंतर कोडे सोडवणे किंवा मुष्टियुद्धाच्या सरावपिशवीवर ठोसे मारणे यांतून निवड करायला सांगितल्यावर केसांची वेणी घातलेल्या तरुणांनी ठोसे मारण्याकडे अधिक कल दाखवला. दुसऱ्या एका प्रयोगात सगळ्यांनाच ठोसे मारायला लावले, तेव्हा केसांची वेणी घातलेल्यांचे ठोसे दोर वळणाऱ्यांपेक्षा जोरकस होते. माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग तिसऱ्या प्रयोगात आहे: केसांची वेणी घातल्यानंतर ज्यांना ठोसे मारण्याची संधी मिळाली, त्यांच्या मनातील चिंतेची चिन्हे ती न मिळालेल्यांपेक्षा कमी होती. प्रदर्शनाने खरोखर हायसे वाटते, थोड्या वेळापुरते का होईना. न पेलणारी देणगी जाहीर करणाऱ्या त्या मुलालाही टाळ्या पडत असताना हायसे वाटत असणार, आणि म्हणूनच पुढच्या जत्रेला तो आणखी मोठा आकडा बोलेल. अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांवरचे निष्कर्ष तासगावच्या बागायतदाराला जसेच्या तसे लावता येणार नाहीत, हे खरे. पण भीती आणि प्रदर्शन यांच्यातला हा दुवा ओळखीचा आहे.

इथे सांगलीचीच एक गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' सादर केले आणि मराठी रंगभूमीची मुहूर्तमेढ रोवली गेली. भरल्या सभेत धनुष्य उचलून दाखवण्याची ती कथा आहे. जिंकणाऱ्या एकाला सगळे ओळखतात; धनुष्य न हललेले राजे सर्वांसमोर आपल्या आसनाकडे परत कसे गेले असतील, याचा विचार सहसा कोणी करत नाही.

सर्वांसमोर तोलले जाण्याचा शरीरावर काय परिणाम होतो, हे मोजता येते. जर्मनीतील ट्रियर विद्यापीठात १९९३ साली त्यासाठी एक चाचणी तयार झाली. सहभागी व्यक्तीला परीक्षकांसमोर पाच मिनिटे नोकरीसाठी स्वतःची बाजू मांडावी लागते, परीक्षक चेहऱ्यावर कसलाही प्रतिसाद दाखवत नाहीत. मग १०२२ मधून १३ वजा करत मोठ्याने मोजावे लागते आणि चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. या काळात लाळेचे नमुने घेऊन कॉर्टिसॉल या ताण-संप्रेरकाची पातळी पाहिली जाते. मेंदूतील हायपोथॅलॅमसकडून पीयूषिका ग्रंथीला आणि तिच्याकडून मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींना आदेश जातो, रक्तात कॉर्टिसॉल वाढते, साखर उपलब्ध होते आणि शरीर संकटासाठी सज्ज होते. सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी यांनी २००४ साली अशा २०८ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. कॉर्टिसॉलची सर्वांत मोठी उसळी आणि ते पूर्ववत व्हायला लागणारा सर्वाधिक वेळ या दोन्ही गोष्टी जिथे दिसल्या, तिथे दोन अटी एकत्र होत्या: इतर लोक आपल्याला जोखत आहेत आणि परिणाम आपल्या हातात नाही. अवकाळी पावसाने द्राक्षघडांवर दावण्या हा बुरशीचा रोग पसरलेला, सोसायटीचे कर्ज डोक्यावर असलेला आणि लग्नाला आलेल्या पाहुण्यांच्या 'यंदा बाग कशी आहे?' या प्रश्नाला उत्तर देणारा बागायतदार नेमका या दोन अटींच्या मध्ये उभा असतो.

मग खरे यश मिळाल्यावर तरी मन स्थिरावते का? फारसे नाही. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतील डोपामीन-पेशींची (डोपामीन हे मेंदूतले संदेश वाहणारे रसायन) नोंद घेताना दाखवून दिले की फळांचा रस अनपेक्षितपणे मिळाल्यावर या पेशी जोरात उद्दीपित होतात, तोच रस अपेक्षित झाला की त्याकडे दुर्लक्ष करतात, आणि अपेक्षित रस मिळाला नाही तर त्यांची क्रिया नेहमीच्या पातळीखाली जाते. दुसरा मजला बांधून झाला की तो नित्याचा होतो. त्यात मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ साली मांडलेल्या सामाजिक तुलनेच्या विचाराप्रमाणे माणूस स्वतःला आपल्यासारख्यांशीच ताडून पाहतो. मुंबईच्या उद्योगपतीची संपत्ती आपल्याला टोचत नाही. बांधापलीकडच्या चुलतभावाच्या बेदाण्याला सौद्यात मिळालेला दर टोचतो.

घरातली तुलना त्याहून नाजूक असते. बाथ विद्यापीठातील जोआना सिर्डा यांनी अमेरिकेतील सहा हजारांहून अधिक जोडप्यांची १५ वर्षांची माहिती तपासून २०१९ साली दाखवले की पत्नीचे उत्पन्न घरच्या एकूण उत्पन्नाच्या सुमारे ४० टक्के होईपर्यंत पतीचा मानसिक ताण कमी होत जातो आणि त्यापुढे तो वाढू लागतो. पत्नी पूर्णपणे पतीवर अवलंबून असली तरी ताण मोठा, आणि पतीच पत्नीवर पूर्णपणे अवलंबून असला तर तो सर्वांत मोठा. पण ज्या पुरुषांनी आपल्यापेक्षा अधिक कमावणाऱ्या स्त्रीशी ते माहीत असतानाच लग्न केले होते, त्यांच्यात ही वाढ आढळली नाही. पैसा तोच, तरी ताण वेगळा, कारण 'पुरुषाने किती आणावे' ही मनातली अपेक्षा वेगळी होती. मला हा निष्कर्ष फार आश्वासक वाटतो, कारण अपेक्षा शिकवलेल्या असतात आणि शिकवणूक बदलता येते.

ती बदलण्याची निकड आकड्यांत दिसते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या आणि त्यांतील सुमारे ७२ टक्के पुरुषांच्या होत्या. आत्महत्येमागे आजार, कर्ज, व्यसन, कौटुंबिक कलह अशी अनेक कारणे गुंतलेली असतात, त्यामुळे हा सारा आकडा पुरुषी असुरक्षिततेच्या नावावर मांडणे चूक ठरेल. तरीही अडचण लपवण्याची सवय मदतीचा रस्ता अडवते, यात शंका नाही.

लपवण्याने नेमकी हानी कशी होते, याचा अभ्यास मानसशास्त्रज्ञ मायकल स्लेपियन यांनी केला आहे. लोकांसमोर गुपित सांभाळताना होणारी कसरत हाच खरा त्रास असावा, असा पूर्वीचा समज होता. त्यांच्या २०१७ सालच्या संशोधनात आढळले की माणूस एकटा असताना मन त्या गुपिताकडे कितीतरी अधिक वेळा भरकटते, आणि अस्वास्थ्याशी संबंध आहे तो या भरकटण्याचा. नोकरी गेलेला माणूस जेवणाच्या ताटावर बायकोशी खोटे बोलतो ते दोन मिनिटे. त्यानंतरची सगळी रात्र मात्र तो त्या खोट्यासोबत एकटा असतो. त्याच दिशेच्या पुढील अभ्यासात दिसले की एका विश्वासू व्यक्तीला गुपित सांगितल्यावर परिस्थिती हाताळता येईल असे वाटू लागते आणि मनाचे भरकटणे कमी होते. सगळ्या गावाला सांगायची गरज नसते. घरात तेवढे बोलता येत नसेल, तर केंद्र सरकारची टेलि-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिथे मराठीतून बोलता येते.