एचडी डीव्हीडी आणि ब्लू-रे: अर्ध्या मिलिमीटरचं भांडण

गेल्या पावसाळ्यात इंदिरानगरचे एक काका पिशवीत बारा डिस्क घेऊन माझ्याकडे आले. मी लग्नाच्या जुन्या व्हीएचएस कॅसेटी पेनड्राइव्हवर उतरवून देतो, आणि त्याआधी सहा वर्षं नाशिकरोडला सीडी-डीव्हीडीची लायब्ररी चालवली. त्यामुळे असल्या वस्तू फिरून फिरून माझ्याच टेबलावर येतात. काकांचा मुलगा २००७ साली अमेरिकेहून येताना एक प्लेअर आणि या डिस्क घेऊन आला होता. प्लेअर तिकडच्या व्होल्टेजचा, म्हणून मेन रोडवरून स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आणला होता. बरीच वर्षं चालला, मग कुठलीही डिस्क घातली की एरर दाखवायला लागला. काकांनी एका दुकानातून जुना ब्लू-रे प्लेअर घेतला. दुकानदार म्हणाला, “हेही एचडी, तेही एचडी. चालेल की, काका.” एकही डिस्क चालली नाही.

“प्लेअर खराब गळ्यात मारला का रे मला?” काकांनी विचारलं.

प्लेअर चांगला होता आणि डिस्कही चांगल्या होत्या. पण डिस्क एचडी डीव्हीडी होत्या आणि प्लेअर ब्लू-रे. साध्या डीव्हीडीहून बारकावे जास्त दाखवणाऱ्या या दोन प्रतिस्पर्धी डिस्क. नाव, आकार, चकाकी सगळं एकमेकांच्या जवळचं, पण घराणी वेगळी.

ओळखायचं कसं ते आधी सांगतो. एचडी डीव्हीडीचं खोकं पारदर्शक लाल असतं, ब्लू-रेचं पारदर्शक निळं. खोकं हरवलं असेल तर डिस्कवरचा लोगो बघा. तोही पुसला असेल तर भिंग घ्या, डिस्क उजेडाकडे धरा आणि तिची कड नीट न्याहाळा. एचडी डीव्हीडीच्या कडेला बरोबर मध्यावर एक बारीक रेघ दिसते. साध्या डीव्हीडीसारख्याच ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या तिथे एकमेकींना चिकटवलेल्या असतात. ब्लू-रेला ती मधली रेघ नाही. तिथे १.१ मिलिमीटरची एक जाड चकती असते आणि तिच्यावर ०.१ मिलिमीटरचा पापुद्रा. काकांना मी खिडकीपाशी नेऊन दोन्ही कडा दाखवल्या. चष्मा वर करून ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “एवढ्याशा रेघेसाठी?”

हो, एवढ्याशा रेघेसाठी. पण त्याआधी आपल्याकडचा एक जास्तीचा गोंधळ दूर करतो. २००८-०९ नंतर बाजारात असे डीव्हीडी प्लेअर आले की ज्यांच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘एचडी’ आणि ‘१०८०पी’ लिहिलेलं असायचं. ते एचडी डीव्हीडी प्लेअर नव्हते. ते साधीच डीव्हीडी वाजवायचे आणि चित्र ताणून मोठ्या पडद्याला बसवायचे. आपल्याकडच्या पाल (आपली जुनी टीव्हीची पद्धत) डीव्हीडीचं चित्र ७२० गुणिले ५७६ बिंदूंचं असतं, पूर्ण एचडीचं १९२० गुणिले १०८०चं. गुणाकार करून बघा, बरोबर पाचपट फरक आहे. जे चार भाग डिस्कवर नाहीतच, ते प्लेअर अंदाजाने भरतो. फुटपाथवर ‘ब्लू-रे प्रिंट’ म्हणून जे विकलं जायचं तीही शेवटी डीव्हीडीच असायची. मूळ ब्लू-रेवरून उतरवली, एवढाच त्या नावाचा अर्थ.

आता त्या रेघेकडे वळतो. डिस्कवरचे खळगे वाचायला लेझरचा ठिपका लागतो, आणि ठिपका जितका बारीक तितके खळगे बारीक करता येतात. ठिपका बारीक करायचे दोन मार्ग आहेत: प्रकाशाची तरंगलांबी कमी करायची, नाहीतर भिंग जास्त ताकदीचं घ्यायचं. साध्या डीव्हीडीचा लेझर लाल, ६५० नॅनोमीटरचा. एचडी डीव्हीडी आणि ब्लू-रे या दोघींनी ४०५ नॅनोमीटरचा निळा-जांभळा लेझर घेतला, म्हणजे पहिला मार्ग दोघींचा एकच. फाटा फुटला तो भिंगापाशी. भिंगाची प्रकाश एकवटायची ताकद एका आकड्यात मोजतात. डीव्हीडीला तो ०.६०, एचडी डीव्हीडीला ०.६५, आणि ब्लू-रेला थेट ०.८५.

एवढं ताकदीचं भिंग घेतलं की एक अडचण उभी राहते. वर्तमानपत्रावर काचेचा जाड पेपरवेट ठेवून तिरकं बघा, अक्षरं सरकतात आणि फाटतात. पातळ काच ठेवली तर तितकं होत नाही. फिरणारी डिस्क कधीच शंभर टक्के सपाट नसते, ती किंचित डुलतेच. ०.८५च्या भिंगातून ०.६ मिलिमीटर खोल वाचायचं तर एवढ्याशा डुलण्यानेही ठिपका फिसकटतो. म्हणून ब्लू-रेवाल्यांनी माहितीचा थर उचलून पृष्ठभागाच्या अगदी खाली, ०.१ मिलिमीटरवर आणला. त्यातून २५ जीबीचा एक थर मिळाला, दोन थरांचे ५०. एचडी डीव्हीडीने थर ०.६वरच ठेवला आणि १५ जीबी मिळवले, दोन थरांचे ३०. डीव्हीडीचे ४.७ आठवा: एकीने तिप्पट केले, दुसरीने पाचपट.

मग एचडी डीव्हीडीवाल्यांना हे कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. थर ०.६वर ठेवला की डीव्हीडी छापणारी जुनी यंत्रं थोड्या फेरफारात वापरता येतात, डिस्क स्वस्त पडते, आणि एका बाजूला एचडी व दुसऱ्या बाजूला साधी डीव्हीडी असं दुतोंडी वाणही काढता येतं. ब्लू-रेसाठी नवी यंत्रं हवी होती. शिवाय थर इतका वर आल्यावर नखाचा ओरखडाही माहितीपर्यंत पोचायची भीती. सुरुवातीच्या रेकॉर्डिंगच्या ब्लू-रे डिस्क तर प्लास्टिकच्या कवचात बंद असायच्या. पुढे टीडीके या जपानी कंपनीने कडक लेप शोधून काढला, तेव्हा कवच गेलं.

माझ्या मते भांडणाचं खरं मूळ त्याहून जुनं आहे. १९९५ साली डीव्हीडी जन्माला येण्याआधीही असाच सामना उभा राहिला होता. सोनी आणि फिलिप्सची डिस्क एका बाजूला, तोशिबा आणि तिच्या सोबत्यांची दुसऱ्या बाजूला. संगणक कंपन्यांनी, त्यात आयबीएम पुढे, ठणकावून सांगितलं की एकच काहीतरी ठरवा. दोन्ही पक्षांना एकत्र यावं लागलं आणि डीव्हीडी झाली. तिचा सांगाडा, म्हणजे ०.६च्या दोन चकत्या चिकटवण्याची रीत, तोशिबाच्या बाजूची होती. दहा वर्षांनी, २००५ मध्ये, ब्लू-रेवाली सोनी आणि एचडी डीव्हीडीवाली तोशिबा पुन्हा बोलणीला बसल्या, आणि गाडी अडली ती ०.१ की ०.६ याच प्रश्नावर. आपल्या हाताने उभी केलेली, जगभर चालणारी रचना तोशिबाला मोडायची नव्हती. आणि डिस्कवर जागा कमी ठेवायला सोनी तयार नव्हती. या वेळी दोघांच्या डोक्यावर हात ठेवणारं कुणी वडीलधारं नव्हतं.

एकच माप ठरलं की काय होतं ते सिनेमाच्या फिल्मने आधीच दाखवलं होतं. आपल्या जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली पहिला चित्रपट लोकांसमोर आणला, तो ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर. त्याच्या चारच वर्षं आधी, १९०९ मध्ये पॅरिसला निर्मात्यांच्या परिषदेत या मापावर शिक्कामोर्तब झालं होतं. नाशिकला धुतलेली फिल्म जगात कुठल्याही थिएटरच्या यंत्रावर चढू शकत होती. पांडवलेण्याच्या पायथ्याशी फाळके स्मारकात गेलो की मला दर वेळी हे आठवतं.

आता चित्राबद्दल, कारण सगळ्यात जास्त चुकीचं यावरच बोललं जातं. “ब्लू-रेचं चित्र भारी होतं म्हणून ती जिंकली” हे खरं नाही. दोघींचं चित्र १९२० गुणिले १०८०चंच. एमपीईजी-२, एच.२६४ आणि व्हीसी-१ या कॉम्प्रेशनच्या तीनही पद्धती दोघींना चालायच्या. एकच सिनेमा दोन्हींवर नीट काढला असेल तर सोफ्यावर बसून फरक सांगणं अवघड. ब्लू-रेकडे जागा आणि वेग जास्त, त्यामुळे लांब सिनेमा आणि भरपूर आवाजाचे ट्रॅक ती आरामात पेलायची. पण ग्राहकाची आधी काळजी घेतली ती एचडी डीव्हीडीने, हे मी ठामपणे म्हणेन. तिच्या प्रत्येक प्लेअरला पहिल्या दिवसापासून नेटवर्कची जोडणी सक्तीची होती. चित्रात दुसरं छोटं चित्र दाखवायची सोयही सक्तीची. ब्लू-रेचे सुरुवातीचे प्लेअर यातलं काही न करता बाजारात आले आणि नंतर त्यांचे नियम टप्प्याटप्प्याने वाढत गेले. मुख्य म्हणजे एचडी डीव्हीडीला रीजनचं कुलूप नव्हतं. ब्लू-रेने जगाचे ए, बी, सी असे तीन तुकडे केले. भारत सीमध्ये आणि अमेरिका एमध्ये, म्हणून मुलाने तिकडून पाठवलेली कुलूपबंद डिस्क इथल्या प्लेअरवर चालत नाही.

२००७ साली माझ्या लायब्ररीच्या काउंटरवर दोन गिऱ्हाइकं रविवारी हमखास समोरासमोर यायची. एक गंगापूर रोडचा कॉलेजचा मुलगा, त्याच्याकडे सोनीचं गेमचं यंत्र, प्लेस्टेशन ३. दुसरे अंबडच्या एका कारखान्यातले इंजिनिअर, त्यांच्याकडे भावाने अमेरिकेहून आणलेला तोशिबाचा प्लेअर आणि तीसेक डिस्क. माझ्याकडे त्या काळात साध्या डीव्हीडीच होत्या, तरी तासन् तास वाद चालायचा. मुलगा म्हणायचा, “सर, पन्नास जीबी!” इंजिनिअर म्हणायचे, “किंमत बघ, रीजन बघ, मग बोल.” दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. पण मुलाने ब्लू-रे निवडली नव्हती, त्याने गेम खेळायला यंत्र घेतलं आणि ब्लू-रे त्याच्याबरोबर घरात आली. जगभर असंच झालं. मायक्रोसॉफ्टने आपल्या एक्सबॉक्स ३६० या गेमच्या यंत्रासाठी एचडी डीव्हीडीचा ड्राइव्ह काढला, पण तो वेगळा विकत घ्यायचा होता. सोनीने खेळाच्या यंत्रातच ब्लू-रेचा ड्राइव्ह बसवून दिला. इंजिनिअरांची गोष्ट निराळी. त्यांनी वाचून, आकडे मांडून निवड केली होती, आणि पैसे गुंतल्यावर ती निवड त्यांच्यासाठी तत्त्वाची झाली. मला त्यांच्याबद्दल आदर वाटायचा आणि आजही वाटतो.

निकाल मात्र ग्राहकांच्या हातात नव्हता, हॉलिवूडच्या स्टुडिओंच्या हातात होता. सोनी, डिस्ने, फॉक्स ब्लू-रेकडे आणि युनिव्हर्सल एचडी डीव्हीडीकडे. ऑगस्ट २००७ मध्ये पॅरामाउंट फक्त एचडी डीव्हीडीची झाली. नोव्हेंबरात अमेरिकेतल्या वॉलमार्टने तोशिबाचा प्लेअर शंभर डॉलरच्या आत विकला, तेव्हा इंजिनिअर पेढे घेऊन आले होते. पुढच्या ४ जानेवारीला, २००८ साली, दोन्हीकडे पाय ठेवून असलेल्या वॉर्नरने जाहीर केलं की यापुढे फक्त ब्लू-रे. फेब्रुवारीत तेव्हा डिस्क भाड्याने देणारं नेटफ्लिक्स, दुकानांची साखळी बेस्ट बाय आणि मग वॉलमार्ट एकामागून एक ब्लू-रेकडे सरकले, आणि १९ फेब्रुवारीला तोशिबाने एचडी डीव्हीडी बंद केल्याचं सांगितलं. बरोबर सहा वर्षांपूर्वी, १९ फेब्रुवारी २००२ला, ब्लू-रेची घोषणा झाली होती. २००९ मध्ये तोशिबाही ब्लू-रेच्या गटात गेली.

त्या आठवड्यात इंजिनिअर एकटेच आले. म्हणाले, “सिनेमे आहेतच माझ्याकडे. पण प्लेअर गेला तर दुसरा आणू कुठून?” भावाला सांगून त्यांनी पडलेल्या भावात आणखी एक प्लेअर मागवला आणि खोकं न उघडता माळ्यावर ठेवला.

नाशिकमध्ये या युद्धाचे ढोल फारसे वाजले नाहीत. इथे लोक व्हीसीडीवर होते: एका हिंदी सिनेमाच्या दोन-तीन डिस्क, मध्ये उठून डिस्क बदलायची. त्याच सुमारास मोझर बेअर या डिस्क बनवणाऱ्या भारतीय कंपनीने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकायला काढली, आणि माझ्यासारख्यांच्या लायब्ररीचा कणा मोडला. भाड्याच्या भावात डिस्क मालकीची मिळत असेल तर भाड्याने कोण नेणार? ब्लू-रे इथे हौशी लोकांपुरतीच राहिली, आणि तीही आता मावळते आहे. रेकॉर्ड करायच्या ब्लू-रे डिस्क सोनीने फेब्रुवारी २०२५पासून बनवणं थांबवलं.

घरात एचडी डीव्हीडी निघालीच, तर एक लक्षात ठेवा. दुकानातला नेहमीचा ब्लू-रे प्लेअर ती वाचत नाही, कितीही महागडा असो. लेझर तोच असला तरी तो ०.१वर नेम धरतो आणि माहिती ०.६वर असते. दोन्ही वाचणारे मोजके प्लेअर एलजी आणि सॅमसंगने काढले होते, ते जुन्या बाजारात कधीमधी दिसतात. एक्सबॉक्सचा तो वेगळा ड्राइव्ह मिळाला तर यूएसबीने संगणकाला जोडता येतो.

काकांच्या बारा डिस्क मी एकेक करून तपासल्या. त्यातल्या चार डिस्कवर चित्र नव्हतं, दोन्ही बाजू चकचकीत, आणि मधल्या भोकाभोवती बारीक अक्षरं: एका बाजूला एचडी डीव्हीडी, दुसऱ्या बाजूला डीव्हीडी. दुतोंडी वाण. काकांना म्हटलं, तुमचा साधा डीव्हीडी प्लेअर आहे ना अजून? होता. सगळे रीजन घेणारा, आपल्याकडे बहुतेक असायचे तसा. संध्याकाळी त्यांचा फोन आला, मागे सिनेमाचा आवाज चालू होता. “उलटी घातली आणि लागली रे,” ते म्हणाले, “आता बाकीच्या आठांचं बघ.”