बर्लिन बचाव : एका जुन्या मूल्यमापनाची पार्श्वभूमी

लंडनमध्ये २००० साली झालेल्या बुद्धिबळाच्या जगज्जेतेपदाच्या लढतीत व्लादिमीर क्रामनिकने, १९८५पासून जगज्जेता असलेल्या गॅरी कास्पारॉव्हला ८.५–६.५ असे हरवले आणि कास्पारॉव्हला एकही डाव जिंकता आला नाही. या निकालात ज्या बचावाचा मोठा वाटा होता, तो मात्र नवा नव्हता. रुई लोपेझ या डावाच्या सुरुवातीत पांढऱ्याचा उंट बी५वर (घराचे नाव म्हणजे स्तंभाचे अक्षर आणि ओळीचा अंक) आला की काळ्याने घोडा एफ६वर आणून ई४च्या प्याद्यावर नेम धरायचा, हा बचाव १९व्या शतकातील बर्लिनच्या विश्लेषकांमुळे त्या शहराच्या नावाने ओळखला जातो. माजी जगज्जेता इमॅन्युएल लास्करनेही तो खेळला होता. पण पुढे बहुतेकांची पसंती ए६ या, अमेरिकी खेळाडू मॉर्फीच्या नावाच्या चालीलाच राहिली.

त्याचे कारण पटावर दिसते. पांढऱ्याने किल्लेकोट (राजाला सुरक्षित नेणारी राजा-हत्तीची एकत्र चाल) केल्यावर काळा ई४चे प्यादे मारतो आणि आठव्या चालीपर्यंत वजिरांची अदलाबदल होऊन काळ्याचा राजा किल्लेकोटाचा हक्क गमावून डी८वर येतो. राजाच्या बाजूला पांढऱ्याची चार प्यादी तिघांसमोर उभी असतात. वजिराच्या बाजूला काळ्याचीही चार असतात, पण त्यांतली दोन सी-स्तंभात एकामागे एक अडकल्याने त्यांतून सहजासहजी पुढे निसटणारे प्यादे तयार होत नाही. उरलेली सगळी मोहरी उचलून ठेवली, तर केवळ राजा आणि प्याद्यांच्या खेळात पांढरा जिंकण्याच्या मार्गावर असतो. हा हिशेब चुकीचा नव्हता, अपुरा होता.

कारण मोहरी पटावर असतात. पांढऱ्याने आपला पांढऱ्या घरांचा उंट घोड्याच्या बदल्यात दिलेला असतो आणि उरलेल्या उंटाच्या वाटेत त्याचेच ई५वरचे प्यादे उभे राहते. ते प्यादे पुढे गेल्याने एफ५ हे घर काळ्याच्या घोड्याला मिळते, ई६वर उंट बसवता येतो, आणि जी४ ही चाल रोखण्यासाठी काळा एच५ खेळला की कोपऱ्यातल्या हत्तीलाही काम मिळते. राजा मध्यावर असला तरी वजीर नसल्याने त्याच्यावर मात होण्याचे भय फारसे उरत नाही. शिवाय वेळ आल्यास काळ्या घरांचा उंट घोड्याबदली देऊन विरुद्ध रंगांच्या उंटांचा, बरोबरीकडे झुकणारा शेवट गाठता येतो. उंटांची जोडी कधी जपायची आणि कधी मोडायची, हेच या स्थितीतले खरे कौशल्य आहे.

क्रामनिकचे श्रेय माझ्या मते एखाद्या नव्या चालीपेक्षा या फेरविचाराला अधिक जाते. कास्पारॉव्हने पहिल्या, तिसऱ्या, नवव्या आणि तेराव्या डावांत ही तटबंदी फोडण्याचा प्रयत्न केला. चारही डाव बरोबरीत सुटले. ‘बर्लिनची भिंत’ हे टोपणनाव तेव्हाच रूढ झाले.

त्यानंतर वजिरांची अदलाबदल टाळण्यासाठी चौथ्या चालीला डी३ खेळणारे वाढले. चेन्नईत २०१३ सालच्या जगज्जेतेपदाच्या लढतीत आनंदने मॅग्नस कार्लसनविरुद्ध दोन्ही वाटा धरल्या : चौथा डाव जुन्या वाटेने ६४ चालींत बरोबरीत सुटला, तर सहाव्यात डी३ खेळूनही तो हरला. पुढच्या वर्षी सोची येथे याच दोघांच्या जगज्जेतेपदाच्या लढतीच्या अकराव्या डावात बर्लिनचा बचाव आनंदकडे होता. त्याने बी५ ढकलून वजिराच्या बाजूला हालचाल सुरू केली, नंतर अधिक मोलाचा हत्ती देऊन उंट घेण्याचा धोका पत्करला. तो अंगलट आला आणि कार्लसनने त्या डावासह विजेतेपद राखले.