कण किती उंचीवर? लायडारची पार्श्वभूमी

चौकातल्या फलकावर झळकणारा हवेच्या गुणवत्तेचा आकडा आपल्या नाकापुरता खरा असतो. डोक्यावर दोन किंवा वीस किलोमीटरवर धूळ, धूर, राख किती तरंगतेय, हे त्यातून कळत नाही. उपग्रहाच्या साध्या कॅमेऱ्यालाही सगळे थर एकावर एक पडलेले दिसतात. अडतं ते उंचीपाशी. प्रकाशाचा झोत सोडून, परतणाऱ्या प्रकाशावरून ही उंची काढणाऱ्या तंत्राला लायडार म्हणतात.

एडवर्ड हचिन्सन सिंज या आयरिश अभ्यासकाने १९३० मध्ये हवेची घनता मोजण्यासाठी एक युक्ती मांडली. रात्री सर्चलाइटचे झोत आकाशात सोडायचे आणि दूरवरून दुर्बिणीने झोताचा एकेक तुकडा न्याहाळायचा. दोघांमधलं अंतर आणि कोन माहीत असले की उंची निघते. शाळेतली त्रिकोणमिती पुरते. ‘लायडार’ हे नाव १९५३ मधलं, म्हणजे चक्क लेसरच्या आधीचं.

लेसर आला १९६० मध्ये. दोन वर्षांत त्याचे अतिशय आखूड, जोरकस स्पंद, म्हणजे क्षणभराचे झोत, पाठवता येऊ लागले आणि कोनाची जागा वेळेने घेतली. स्पंद सोडायचा, कणांवरून विखुरलेला प्रकाश कधी परततो ते पाहायचं. एक मायक्रोसेकंदाने परतला तर कण दीडशे मीटरवर, शंभर मायक्रोसेकंदांनी परतला तर पंधरा किलोमीटरवर. अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेतले जॉर्जिओ फिओक्को आणि लुई स्मलिन यांनी याच काळात चंद्रावरूनही लेसरचा प्रतिध्वनी मिळवला होता. त्यामानाने वातावरण म्हणजे अंगणच.

बालीतला आगुंग ज्वालामुखी १९६३ मध्ये फुटला, आणि १९६४ मध्ये फिओक्को व जेराल्ड ग्रॅम्स यांनी सुमारे वीस किलोमीटरवरचा कणांचा थर लेसरने टिपला. ज्वालामुखीने या थरात भर घातली, पण थर मुळात आधीचा; तो ख्रिश्चन युंगे यांनी आधीच फुग्यांतून उपकरणं पाठवून शोधला होता. लेसरचा फायदा असा, की तोच थर जमिनीवरूनच रात्रीमागून रात्र पाहता येऊ लागला.

पुण्याची कथा मला जास्त आवडते. भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत पी. सी. एस. देवरा आणि सहकाऱ्यांनी १९८६ पासून आर्गॉन लेसरने सूक्ष्मकणांची मोजणी सुरू केली. त्याचा हिरवा झोत अखंड, त्यात स्पंद नाहीत. मग वेळ कशाची मोजणार? त्यांनी लेसर एका जागी आणि दुर्बीण काही अंतरावर ठेवली, आणि दुर्बिणीचा कोन बदलत एकेक उंची गाठली. सिंजचीच त्रिकोणमिती, फक्त सर्चलाइटच्या जागी लेसर.

पुढे लायडार अंतराळात गेला. १९९४ मध्ये डिस्कव्हरी यानातून चाचणी झाली, आणि २००६ ते २०२३ या काळात अमेरिका-फ्रान्सच्या कॅलिप्सो उपग्रहाने मोजमापं घेतली. त्याला परतलेल्या प्रकाशाचं ध्रुवीकरणही, म्हणजे प्रकाशलहरी कोणत्या दिशेत कंप पावतात तेही, कळायचं: गोल थेंब ते फारसं बिघडवत नाहीत, धुळीचे खडबडीत कण बिघडवतात. त्याच्याच नोंदींतून २०११ मध्ये एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. पावसाळ्यात आशियावर, साधारण १३ ते १८ किलोमीटरवर, सूक्ष्मकणांचा एक विरळ थर साठतो.

पण तो कशाचा बनलाय, हे काही त्या प्रकाशाने धडपणे सांगितलं नाही. त्यासाठी हैदराबादहून पुन्हा फुगे सोडावे लागले. त्यांनी गोळा केलेल्या कणांत नायट्रेट (नायट्रोजन आणि ऑक्सिजनचं संयुग) सापडलं.