मृत्युदर कोणाचा: बाधितांचा की दाखल रुग्णांचा?

कोविडच्या साथीत राज्याच्या आरोग्य विभागाचे रोजचे प्रसिद्धिपत्रक ज्यांनी नेमाने वाचले, त्यांना त्यातले एक वाक्य जवळजवळ पाठ झाले असेल: राज्यातील मृत्युदर इतके टक्के एवढा आहे. साथ ओसरेपर्यंत तो आकडा १.८ टक्क्यांच्या आसपास स्थिरावला. याउलट ब्रिटनमध्ये २०२० साली झालेल्या ‘रिकव्हरी’ या औषध-चाचणीत, केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्या दाखल रुग्णांपैकी २५.७ टक्के रुग्ण २८ दिवसांच्या आत दगावले. दोन्ही आकडे एकाच आजाराचे, दोन्ही आपापल्या जागी बरोबर, आणि दोन्हींसाठी मराठीत वापरला जाणारा शब्दही एकच. तरीही त्यांच्यात चौदा पटींचे अंतर आहे. हे अंतर महाराष्ट्रातील आणि ब्रिटनमधील डॉक्टरांच्या कौशल्यातून आलेले नाही. त्यातला बराचसा भाग अपूर्णांकाच्या रेषेखालचा आहे, म्हणजे छेदाचा आहे.

पहिल्या आकड्याला बाधितांमधील मृत्युदर म्हणावे. त्याच्या अंशात आजाराने झालेले मृत्यू असतात आणि छेदात चाचणीने निश्चित झालेले सर्व बाधित: दोन दिवस घसा दुखून बरा झालेला विद्यार्थी, लक्षणेच नसलेली त्याची आई आणि अतिदक्षता विभागात असलेले आजोबा, असे सगळे. दुसऱ्या आकड्याला दाखल रुग्णांमधील मृत्युदर म्हणावे. त्याच्या छेदात फक्त आजोबा उरतात. जो आजारी आहे, पण रुग्णालयाच्या खाटेपर्यंत पोहोचण्याइतका नाही, तो या हिशेबात मोजलाच जात नाही. (लोकसंख्याशास्त्राच्या परिभाषेत दर हजार लोकसंख्येमागे होणाऱ्या मृत्यूंनाही मृत्युदरच म्हणतात, त्यामुळे गोंधळात आणखी भर पडते, येथे तो अर्थ बाजूला ठेवला आहे.)

फ्लूचे उदाहरण घेतले की हे अधिक स्पष्ट होते. ऋतुमानानुसार येणाऱ्या फ्लूचा मृत्युदर साधारण ०.१ टक्का, म्हणजे हजारांत एक, असा सांगितला जातो. पण अमेरिकेतील निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांतील नोंदींचा जो अभ्यास झाला, त्यात २०२२-२३ च्या हिवाळ्यात फ्लूमुळे दाखल झालेल्यांपैकी ३.७५ टक्के रुग्ण ३० दिवसांत मरण पावले. हे रुग्ण बहुतांशी वृद्ध पुरुष होते हे मान्य केले तरी, एकाच आजाराचे हे दोन चेहरे आहेत हे विसरून चालत नाही. २०२० साली अनेकांनी रुग्णालयातील कोविडचा आकडा घेतला आणि त्याच्या शेजारी समाजातील फ्लूचा आकडा ठेवला. काहींनी आपल्या सोयीने नेमके उलट केले. पहिल्यांना प्रलय दिसला, दुसऱ्यांना साधा सर्दी-पडसा. तुलना करायचीच तर दाखल रुग्णांची दाखल रुग्णांशी करावी लागते. वर उल्लेखिलेल्या अभ्यासात ती वये आणि जुने आजार जुळवून केली आहे: त्याच हिवाळ्यात कोविडमुळे दाखल झालेल्यांमध्ये ३० दिवसांतील मृत्यूचे प्रमाण ५.९७ टक्के होते, आणि पुढच्या, म्हणजे २०२३-२४ च्या हंगामात ते ५.७० टक्के, तर फ्लूचे ४.२४ टक्के होते. साथीच्या पहिल्या वर्षी कोविडचा हाच आकडा १७ ते २१ टक्क्यांपर्यंत होता. दोन्ही आजारांतील दरी कमी झाली, पण पूर्णपणे बुजली नाही.

बाधितांमधील मृत्युदर कशाने हलतो, हे तुलनेने लवकर सांगून होते: चाचण्या वाढल्या की सौम्य रुग्ण सापडतात, छेद फुगतो आणि दर उतरतो. मुंबईत जुलै २०२० मध्ये महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी तीन विभागांत रक्तातील प्रतिपिंडांची पाहणी केली, तेव्हा झोपडपट्टीतील ५७ टक्के आणि इतर वस्तीतील १६ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेल्याचे आढळले. तोपर्यंत शहराच्या नोंदीतील बाधितांमध्ये मृत्यूचे प्रमाण पाच टक्क्यांहून अधिक होते. मात्र प्रत्यक्ष संसर्ग झालेल्या सर्वांना छेदात घेतल्यावर महापालिकेने ०.०५ ते ०.१० टक्के असा अंदाज जाहीर केला. नोंदीतून सुटलेले मृत्यू धरले तर हा अंदाज वर सरकतो, हेही तितकेच खरे.

दाखल रुग्णांमधील मृत्युदराचे वागणे मात्र जास्त फसवे असते, कारण त्याचा छेद आजार ठरवत नाही; दाखल कोणाला करायचे हे ठरवणारा नियम ठरवतो. साथीच्या पहिल्या आठवड्यांत लक्षणे नसलेल्या बाधितालाही विलगीकरणासाठी रुग्णालयात ठेवले जाई. २०२० च्या एप्रिलअखेरीस केंद्र सरकारने अगदी सौम्य लक्षणांच्या रुग्णांना घरीच राहण्याची मुभा दिली. समजा, एका रुग्णालयात शंभर रुग्ण होते, त्यांपैकी चाळीस सौम्य होते आणि एकूण दहा दगावले; म्हणजे मृत्युदर दहा टक्के. आता ते चाळीस जण घरी राहिले आणि बाकी काहीही बदलले नाही, तर त्याच रुग्णालयाचा मृत्युदर जवळजवळ सतरा टक्के होतो. तेच डॉक्टर, तीच औषधे, तितकेच मृत्यू. म्हणून एखाद्या सरकारी रुग्णालयाचा मृत्युदर खासगी रुग्णालयापेक्षा जास्त आहे, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. शेवटच्या क्षणी इतर ठिकाणांहून पाठवलेले रुग्ण जिथे येतात, तिथला आकडा चढाच असणार. पुढे ओमायक्रॉनच्या लाटेत याची उलट बाजू दिसली: हाड मोडले म्हणून किंवा बाळंतपणासाठी दाखल झालेली, पण चाचणीत बाधित निघालेली माणसेही मोजणीत आली आणि दर खाली आला.

वेळेचा प्रश्न दोन्ही दरांना छळतो, आणि येथे चुकीला दोन विरुद्ध दिशा आहेत. २००३ मध्ये सार्स या श्वसनाच्या आजाराची साथ सुरू असताना आतापर्यंतचे मृत्यू भागिले आतापर्यंतचे रुग्ण असा हिशेब केला गेला, तेव्हा उत्तर चार टक्क्यांच्या घरात येत होते. जे अजून खाटेवर होते त्यांना या हिशेबाने नकळत वाचलेले धरले होते. साथ संपली तेव्हा ८,०९६ रुग्ण आणि ७७४ मृत्यू, म्हणजे सुमारे साडेनऊ टक्के, असा अंतिम आकडा आला.

एप्रिल २०२० मध्ये न्यू यॉर्क परिसरातील रुग्णालयांचा अहवाल एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि चूक दुसऱ्या टोकाला गेली. व्हेंटिलेटर लागलेल्यांपैकी ८८.१ टक्के रुग्ण मरण पावतात, असे त्यातून जगभर पसरले. कित्येक घरांतून व्हेंटिलेटरला नकार देण्याची भाषा सुरू झाली, ती याच सुमारास. प्रत्यक्षात व्हेंटिलेटर लागलेले रुग्ण १,१५१ होते. त्यांपैकी २८२ मरण पावले, ३८ घरी गेले आणि ८३१ अजून रुग्णालयातच होते. ८८.१ टक्के हा आकडा काढताना छेदात फक्त निकाल लागलेले ३२० रुग्ण घेतले होते. व्हेंटिलेटरवरचा मृत्यू सहसा लवकर होतो, बरे होणे मात्र आठवड्यांचे काम असते. त्यामुळे निकाल लागलेल्यांत मृत्यूंची गर्दी असणे अटळ होते. पुढे नियतकालिकाने दुरुस्ती छापली: २४.५ टक्के मृत, ३.३ टक्के घरी गेलेले, ७२.२ टक्के अजून दाखल. माझ्या मते तिन्ही आकडे एकत्र देणे हाच प्रामाणिक मार्ग होता, कारण २४.५ टक्के हाही खरा दर नव्हता. तो केवळ त्या दिवसापुरता तळ होता.

यावर उपाय म्हणून अभ्यासक दाखल झाल्यापासून २८ किंवा ३० दिवस अशी ठरावीक मुदत घेतात आणि त्या मुदतीत रुग्ण घरी असो वा खाटेवर, तो जिवंत आहे का हे पाहतात. केवळ रुग्णालयातील मृत्यू मोजले, तर लवकर घरी पाठवणाऱ्या रुग्णालयाचा आकडा आपोआप चांगला दिसतो. जगण्याच्या शक्यतेचा आलेख काढतानाही हीच खोच असते. सातव्या दिवशी घरी गेलेल्याला तो नजरेआड झाला एवढेच मानून हिशेबातून वगळले, तर त्याचा धोका वॉर्डात उरलेल्यांइतकाच होता असे गणित धरून चालते; वास्तविक तो बरा होता म्हणूनच घरी गेलेला असतो.

दाखल रुग्णांमधील दर फसवा असला तरी निरुपयोगी नाही. एकाच रुग्णालयातील सारखे रुग्ण चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत वाटले, तर छेदाचा पक्षपात दोन्हीकडे सारखाच राहतो आणि उरलेला फरक औषधाचा ठरतो. ‘रिकव्हरी’ चाचणीत डेक्सामेथासोन या स्वस्त स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरील रुग्णांतील मृत्यू ४१.४ वरून २९.३ टक्क्यांवर आणि केवळ प्राणवायू लागणाऱ्यांतील २६.२ वरून २३.३ टक्क्यांवर आणले. ज्या दाखल रुग्णांना प्राणवायूची गरजच नव्हती, त्यांच्यात मात्र औषध दिलेल्या गटात १७.८ आणि न दिलेल्या गटात १४.० टक्के मृत्यू झाले. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम नव्हता, पण फायद्याचा मागमूसही त्यात नव्हता.

भारतात दुसऱ्या लाटेच्या वेळी ही शेवटची ओळ मागे पडली. रुग्णालयातील अत्यवस्थ रुग्णांना वाचवणारी गोळी घरी तापाने पडलेल्यांच्या चिठ्ठीवर पहिल्या-दुसऱ्या दिवसापासून दिसू लागली, आणि मे २०२१ मध्ये दिल्लीच्या एम्सचे तत्कालीन संचालक रणदीप गुलेरिया यांना, सौम्य आजारात सुरुवातीलाच स्टेरॉइड घेऊ नका, असे जाहीरपणे सांगावे लागले. त्याच उन्हाळ्यात मधुमेही आणि स्टेरॉइड घेतलेल्या रुग्णांमध्ये म्युकरमायकोसिस हा बुरशीचा आजार बळावला, आणि महाराष्ट्र त्याचा सर्वाधिक फटका बसलेल्या राज्यांपैकी एक होता.