केएमएस आणि सॉर्बेट: फळांच्या वाइनमधल्या दोन पांढऱ्या पुड्या

अननस, आंबा किंवा जांभळाची वाइन टिकवायला दुकानदार ‘प्रिझर्व्हेटिव्ह’ म्हणून दोनपैकी एक पुडी हातात देतो: पोटॅशियम मेटाबायसल्फाइट (केएमएस, लेबलवरचा खाद्य-रसायनाचा क्रमांक आयएनएस २२४) किंवा पोटॅशियम सॉर्बेट (आयएनएस २०२). दोन्ही पांढऱ्या, दोन्हींची मात्रा चिमूटभर. कामं मात्र वेगळी, आणि एकीच्या जागी दुसरी चालत नाही.

केएमएसमधून सल्फर डायऑक्साइड सुटतो. तो रानटी यीस्ट आणि व्हिनेगर करणारे जिवाणू दडपतो, शिवाय रस काळा पडू देत नाही. सॉर्बेट यीस्टला मारत नाही, फक्त त्याची वाढ थांबवतं. जिवाणूंवर त्याचा भरवसा नाही, आणि हवेमुळे होणारी खराबी ते रोखत नाही.

दहा लिटर अननसाचा रस घ्या, पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ३.५. सुरुवातीला १ ग्रॅम केएमएस पुरतं. त्यातून लिटरमागे साधारण ५० मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड मिळतो. चमच्याने मोजू नका: सपाट चहाचा चमचा म्हणजे पाच-सहा ग्रॅम. १० ग्रॅम पूड पाण्यात विरघळवून एकूण १०० मिलि करा. त्यातले १० मिलि म्हणजे बरोबर १ ग्रॅम. हे द्रावण त्या दिवसापुरतंच. भांडं फडक्याने झाकून २४ तास ठेवा, मग अडीच ग्रॅम वाइन यीस्ट घाला. यीस्ट लगेच घातलं तर तेही मार खातं आणि रस दोन-तीन दिवस नुसता पडून राहतो.

मात्रा ठरते पीएचवर, आणि बहुतेकांचं इथेच चुकतं. तयार वाइनमध्ये पुरेसं संरक्षण हवं तर पीएच ३.२ ला लिटरमागे सुमारे २० मिलिग्रॅम मुक्त (म्हणजे वाइनमधल्या इतर पदार्थांशी न बांधला गेलेला) सल्फर डायऑक्साइड लागतो, ३.५ ला ४०, ३.८ ला ८०, आणि ४ ला १२५ च्या आसपास. पिकलेल्या आंब्याचा रस बहुतेकदा ४ च्या वर असतो. तिथे केएमएस वाढवत बसण्यापेक्षा सायट्रिक आम्लाने पीएच ३.५ वर आणणं शहाणपणाचं. पपईच्या रसात तर आम्ल घातल्याशिवाय हात घालूच नये. जांभळात केएमएस बेतानेच घाला, कारण त्याने रंग फिका पडतो.

सॉर्बेटची पाळी शेवटी, आणि तीसुद्धा वाइन गोड करायची असेल तरच. लिटरमागे ४ ग्रॅम साखर बाटलीत आंबली की वाइनच्या आकारमानाइतका वायू तयार होतो. ४० ग्रॅम घातली तर दहापट. काचेची बाटली फुटते ती इथे. पण जोरात आंबणाऱ्या रसात सॉर्बेट टाकून आंबवण थांबत नाही, कारण आधीच असलेलं यीस्ट साखर खातच राहतं. म्हणून आंबवण पूर्ण होऊ द्या, वाइन काही दिवस फ्रिजमध्ये ठेवून गाळ बसवा, वरची नितळ वाइन काढा. मगच दहा लिटरला अडीच ग्रॅम सॉर्बेट आणि सोबत केएमएस. दोन्ही एकाच पाण्यात कालवू नका. केएमएसच्या आम्लात सॉर्बिक आम्लाचे कण खाली बसतात.

सोबत केएमएस का? नुसतं सॉर्बेट घातलं आणि लॅक्टिक जिवाणू जिवंत राहिले, तर ते सॉर्बिक आम्लापासून असा पदार्थ बनवतात की वाइनला जिरॅनियमच्या चुरगळलेल्या पानांचा वास येतो. हा वास कशानेही जात नाही. वाइन ओतून द्यावी लागते. आमच्या मते एकटं सॉर्बेट घालण्यापेक्षा काहीच न घालता वाइन कोरडी, म्हणजे बिनगोड, ठेवलेली बरी.

पुडी जुनी आहे का, तेही बघा. दमट हवेत केएमएसचा जोर जातो. चांगल्या पुडीला पेटवलेल्या काडीसारखा झोंबणारा वास असतो. तो हाताने हवा ढकलून घ्या, नाक पुडीत घालू नका. दमेकऱ्यांनी तर लांबच राहावं. त्यांना अशी वाइन पाजतानाही आधी सांगावं. सॉर्बेट पिवळट झालं असेल तर टाकून द्या. पुड्या फूड ग्रेडच घ्या. आणि महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे, हे घरगुती हौशींनी विसरू नये.

बाटल्या भरताना एक प्लॅस्टिकची बाटलीही भरा आणि घट्ट बंद करून दोन आठवडे खोलीतच ठेवा. ती दाबून कडक लागली तर आत आंबवण चालू आहे. तोंडावर फडकं धरून काचेच्या सगळ्या बाटल्या उघडा आणि वाइन पुन्हा एअरलॉकच्या (वायू बाहेर सोडणाऱ्या पण हवा आत न घेणाऱ्या झडपेच्या) भांड्यात ओता.