दोन वर्षांचं लेकरू रात्री अकरापर्यंत का जागतं?

जळगाव-धुळ्याकडे रात्री नऊला बहुतेक घरांत सारखंच दृश्य दिसतं. खिचडीचा कुकर उतरलेला, टीव्ही मोठ्यानं चालू, वडील शेतातून नाहीतर दुकानातून नुकतेच आलेले आणि दोन वर्षांचं लेकरू घरभर धावतंय. आई म्हणते, "याले झोपच येत नाही." आजी म्हणते, "दमला की झोपीन आपोआप." आजीचा अनुभव मोठा, पण इथे तिचं म्हणणं पटत नाही.

एक ते दोन वर्षांच्या मुलाला दुपारची झोप धरून दिवसाला 11 ते 14 तास झोप लागते, तीन-चार वर्षांच्या मुलाला 10 ते 13. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये हेच आकडे दिले. आता आपल्या घरचा हिशोब मांडा. अकराला झोपलं, सातला उठलं, दुपारी दोन तास. झाले दहा. रोज किमान तासभर झोप कमी पडते.

झोप दोन गोष्टींवर चालते. जागेपणी मेंदूत अॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि झोपेची ओढ वाढते. लहान मुलांत ही ओढ मोठ्यांपेक्षा लवकर वाढते. दुसरं शरीराचं घड्याळ. मेंदूच्या तळाशी सुमारे 20,000 पेशींचा एक पुंजका आहे. अंधार पडला की तो मेलाटोनिन हे संप्रेरक सोडण्याचा इशारा देतो. अमेरिकेतल्या कोलोरॅडोमध्ये अडीच-तीन वर्षांच्या मुलांची लाळ तपासली, तेव्हा संध्याकाळी सरासरी पावणेआठच्या सुमारास मेलाटोनिन चढू लागल्याचं दिसलं. म्हणजे आठ-साडेआठला शरीर झोपेला तयार असतं. ती वेळ टळली की मूल सुस्तावत नाही, उलट चेकाळतं. आपण म्हणतो, "आज फार रंगात आलाय." खरं तर ते अतिथकलेलं असतं.

मग आपल्या मुलांचं घड्याळ उशिरा का चालतं? माझ्या मते पहिला दोष उजेडाचा. लहानग्यांच्या बाहुल्या मोठ्या आणि डोळ्यातलं भिंग नितळ, त्यामुळे डोळ्याच्या आतल्या पडद्यापर्यंत प्रकाश जास्त पोहोचतो. कोलोरॅडोतल्याच संशोधकांनी 2018 मध्ये तीन ते पाच वर्षांच्या मुलांना झोपेआधी तासभर प्रखर प्रकाशात बसवलं. मेलाटोनिन जवळपास 88 टक्क्यांनी घटलं आणि दिवा मालवून पन्नास मिनिटं झाली तरी पूर्ववत झालं नाही. तो प्रकाश घरच्या ट्यूबपेक्षा बराच तीव्र होता हे खरं. पण 2022 मध्ये मंद उजेडातही मोठी घट आढळली. म्हणून सातनंतर ट्यूब बंद करून खोलीत एक पिवळा मंद दिवा ठेवा. मोबाईल दाखवून भरवणं तर थांबवाच.

दुसरी अडचण आपल्या उन्हाची. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा 44-45 वर जातो. दुपारी कुलरसमोर झोपलेलं पोर पाचला उठतं, मग आठला त्याला झोप येणार कुठून? साडेतीनच्या सुमारास हळूच उठवावं, रडलं तरी. शिवाय जूनमध्ये आपल्याकडे सूर्य मावळतो सव्वासातला आणि डिसेंबरात सहाच्या आत, त्यामुळे उन्हाळ्यात खोली मुद्दाम पडदे ओढून अंधारी करावी लागते. झोप लागताना शरीराचं आतलं तापमान उतरतं, आणि ही उष्णता हातापायांच्या कातडीतून बाहेर पडते. कोमट पाण्यानं अंघोळ, पातळ सुती झबलं आणि उघडे पाय एवढ्यानं फरक पडतो. गच्चीवर झोपवत असाल तर गच्ची थंड व्हायची वाट पाहू नका. आधी खोलीत निजवा, मग उचलून न्या.

वेळ बदलायची तर सुरुवात सकाळपासून करा. रोज साडेसहा-सातला उठवून ओट्यावर, अंगणात उजेडात आणा. संध्याकाळी सातला त्याची वाटीभर खिचडी वेगळी काढून भरवा, मोठ्यांचं जेवण नऊला होऊ द्या. मग अंघोळ, मंद दिवा, गोष्ट, अंथरूण. रोज याच क्रमानं. 2009 मध्ये 405 आया आणि त्यांच्या बाळांवर झालेल्या अभ्यासात दोन आठवडे असा ठरलेला क्रम पाळल्यावर मुलं लवकर झोपू लागली, रात्री कमी वेळा उठली, आणि आयांची मनःस्थितीही सुधारली. अकराचं एकदम आठ करू नका. दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे घ्या.

वडिलांची तक्रार रास्त आहे: पोर झोपलेलंच सापडतं. त्यांनी सकाळचा तास घ्यावा, अंघोळ घालावी, शेताकडे घेऊन जावं. रात्री साडेनऊला त्याला वर उडवून खेळवणं मात्र सोडावं.

हे सगळं महिनाभर करूनही मूल रात्रभर तळमळत असेल, तोंडानं श्वास घेत घोरत असेल किंवा पाय सारखे झाडत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. नाकाच्या मागे वाढलेल्या अॅडेनॉइड गाठी आणि शरीरातली लोहाची कमतरता ही दोन्ही कारणं तपासता येतात आणि त्यांवर उपचारही आहेत.